अमेरिकेत शाळेत गुलामगिरीचा इतिहास शिकवण्यावरून एवढं राजकारण का होतं? तिथे राहणाऱ्यांनी सांगावं.

मी व्हर्जिनियात राहतो, १४ वर्षं झाली. दोन्ही मुली इथल्या सरकारी शाळेत. त्यामुळे वर्तमानपत्रातलं कमी आणि घरातलं जास्त सांगतो.

आपल्याकडे चौथीला शिवाजी महाराज असतात ना, तसा इथे चौथीला व्हर्जिनियाचा इतिहास. आणि चौथीत वाचलेलं माणूस जन्मभर विसरत नाही, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. सगळं भांडण त्या वयाच्या पुस्तकात काय छापायचं याचं आहे. ते ठरवणार कोण, तर दिल्लीसारखं एखादं केंद्रीय मंडळ इथे नाही. अभ्यासक्रमाची चौकट राज्य आखतं आणि देशभरात साधारण १३ हजार शाळा-जिल्हे (सरकारी शाळा चालवणारे स्थानिक विभाग) आहेत, त्यातल्या बहुतेकांची स्कूल बोर्डं निवडणुकीने येतात. निवडणूक आली की राजकारण आलंच.

पण हे भांडण अलीकडेच सुरू झालं असं समजू नका. १९५० मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने आयोग नेमून स्वतःच शाळेची इतिहासाची पुस्तकं लिहवून घेतली. ती १९५७ मध्ये चौथी, सातवी आणि हायस्कूलच्या मुलांच्या हातात पडली. सातवीच्या पुस्तकात एक चित्र आहे: जहाजाच्या डेकवर सुटाबुटातलं कृष्णवर्णीय कुटुंब आणि त्यांच्याशी हस्तांदोलन करणारा गोरा मालक. साखळदंड नाही, लिलाव नाही, जणू पाहुणे आलेत. माझ्या शेजारी सत्तरी ओलांडलेल्या एक बाई राहतात. त्यांना हे चित्र अजून आठवतं. ‘आम्हाला सांगितलं होतं की ते सुखात होते,’ एवढंच त्या म्हणाल्या आणि कुंड्यांना पाणी घालायला लागल्या. ही पुस्तकं सत्तरच्या दशकापर्यंत चालली. त्याच काळात, १९५९ मध्ये, याच राज्यातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने गोऱ्या-काळ्या मुलांना एकत्र बसवण्यापेक्षा सरकारी शाळाच बंद केल्या. पाच वर्षं! गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा काढली, बाकीची मुलं घरी.

बरं, जुनं झालं म्हणावं तर २०१० मध्ये चौथीच्या एका पुस्तकात छापून आलं की यादवी युद्धात हजारो कृष्णवर्णीय सैनिक दक्षिणेच्या, म्हणजे गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या राज्यांच्या बाजूने लढले, त्यातल्या दोन पलटणी तर जनरल स्टोनवॉल जॅक्सनच्या हाताखाली. धादांत खोटं. हे पकडलं कुणी, तर विल्यम अँड मेरी कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेने, आणि तेही स्वतःच्या मुलीचं पुस्तक चाळताना. लेखिकेने माहिती इंटरनेटवरून उचलली होती आणि तिचा उगम निघाला दक्षिणेच्या सैनिकांच्या वंशजांच्या संघटनेत.

आता हल्लीचं थोडक्यात. इथल्या इंग्रज वसाहतींतले पहिले आफ्रिकी गुलाम १६१९ मध्ये व्हर्जिनियाच्याच पॉइंट कम्फर्टला उतरवले गेले. त्याला ४०० वर्षं झाली म्हणून न्यूयॉर्क टाइम्सने २०१९ मध्ये ‘१६१९ प्रोजेक्ट’ ही लेखमाला काढली आणि देशाची कहाणीच तिथून सांगायला घेतली. काही नामवंत इतिहासकारांनी तिच्यातल्या चुका दाखवल्या, एक वाक्य टाइम्सला बदलावंही लागलं. ट्रम्प यांनी उत्तरादाखल ‘१७७६ आयोग’ नेमला (१७७६ हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं वर्ष), बायडेन यांनी तो आल्या दिवशी मोडीत काढला. मधल्या काळात ‘क्रिटिकल रेस थिअरी’ हा शब्द घरोघर पोचला. मुळात तो कायद्याच्या कॉलेजातला विचार आहे, वंशभेद कायद्यांत आणि संस्थांत कसा मुरलाय हे तपासणारा. चौथीतल्या पोराला तो कुणी शिकवत नव्हतं. पण २०२१ मध्ये ग्लेन यंगकिन यांनी ही थिअरी शाळांतून हटवतो असा प्रचार केला, व्हर्जिनियाचं राज्यपालपद जिंकलं आणि पहिलाच आदेश त्यावर काढला. फ्लोरिडाने २०२२ मध्ये कायदा केला की वंशामुळे कुणाला अपराधी वाटलंच पाहिजे असं शिकवायचं नाही. वाचायला बिनतोड वाटतं. पण वर्गात लिलावाचं वर्णन ऐकून एखादं पोर रडलं तर शिक्षकाने काय करायचं? तो धडा उरकतो आणि पुढे जातो. पुढच्याच वर्षी तिथल्या अभ्यासक्रमात आलं की गुलामांना काही कौशल्यं मिळाली आणि ती काही वेळा त्यांच्या स्वतःच्या फायद्याची ठरली. पुन्हा सातवीचं ते चित्रच.

यात आपली माणसं कुठे? फार जवळ. इथल्या थॉमस जेफरसन या नामांकित विज्ञान हायस्कूलने २०२० मध्ये प्रवेश परीक्षा रद्द केली आणि आशियाई मुलांचं प्रमाण ७३ टक्क्यांवरून ५४ वर आलं. क्लास लावून बसलेल्या आईबापांचा जीव जळणारच. आमच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो राग बघता बघता ‘हे लोक शाळेत भलतंच शिकवतात’ या रागात मिसळला. प्रवेशाचा प्रश्न वेगळा आणि इतिहासाचा वेगळा, असं मी एकदा लिहिलं. दोन अंगठे आले, एक जण ग्रुप सोडून गेला.

मला नवल वेगळ्याच गोष्टीचं वाटतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. पुण्यात बसून त्यांना हा इतिहास आपल्या कामाचा वाटला. आणि आम्ही तो जिथे घडला तिथे राहून म्हणतो, आपला काय संबंध? कॅलिफोर्नियात मात्र २००५-०६ मध्ये सहावीच्या पुस्तकात हिंदू धर्म आणि जात कशी यावी यावरून भारतीयांनीच मोठं भांडण मांडलं होतं. एक बाजू म्हणाली, जातीचा उल्लेख आला की आमच्या मुलांना वर्गात खाली मान घालावी लागते. दलित संघटनांनी विरोध केला. म्हणजे ‘मुलांना वाईट वाटेल’ हा युक्तिवाद आपल्यालाही चांगला येतो.

कोण बरोबर, असं विचाराल तर मी गुलामगिरी सविस्तर शिकवा म्हणणाऱ्यांच्या बाजूने आहे. पण या बाजूचे लोकही कधीकधी नऊ वर्षांच्या पोरापुढे बोजड शब्दांची रास ओततात. थोरलीला एकदा असाच एक तक्ता घरी भरायला दिला होता, मला स्वतःला तो तीनदा वाचावा लागला. त्यापेक्षा तिला जेम्सटाउनची (इंग्रजांची इथली पहिली कायमची वसाहत) सहल जास्त कळली.

धाकटी पुढच्या वर्षी चौथीत जाईल. पुस्तक घरी आलं की आधी यादवी युद्धाचा धडा काढून वाचणार आहे.