तीन खाने, एक तारीख

वेब फॉर्ममध्ये तारखेसाठी दिवस, महिना, वर्ष असे तीन खाने ठेवलेस ते ठीक, पण त्यांतून एक तारीख बनवताना त्यांच्या व्हॅल्यू (खान्यांत भरलेले आकडे) नुसत्या एकमेकींना चिकटवू नकोस. दिवस १, महिना ११ जोडले की होतात १११. दिवस ११, महिना १ जोडले तरी १११च! मग मूळ तारीख कोणती, हे कुणालाच सांगता येणार नाही. जावास्क्रिप्ट या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भाषेतलं पॅडस्टार्ट (padStart) हे फंक्शन वापरून एकेरी आकड्याआधी शून्य लाव, मध्ये आडवी रेघ दे आणि वर्ष आधी घे: २०२४-०३-०५. असं लिहिलं की साधं सॉर्टिंगही तारखेच्या क्रमानेच होतं.

मग तारीख खरी आहे का ते बघ. इथे मी बराच वेळ अडकलो होतो. जावास्क्रिप्टच्या डेटला (Date, तारीख बनवणारी तिची सोय) आकड्यांत ३१ फेब्रुवारी २०२३ दिलीस, तर एरर येत नाही, गुपचूप ३ मार्च मिळते. म्हणून तयार तारखेतून दिवस आणि महिना परत काढून मूळ खान्यांशी ताडून पाहा. (तिथे महिने शून्यापासून मोजतात, फेब्रुवारी म्हणजे १.)

जोडलेली व्हॅल्यू हिडन इनपुटमध्ये (फॉर्ममधल्या न दिसणाऱ्या खान्यात) ठेवणार असशील, तर त्या खान्याला name, म्हणजे नाव, दे. नाहीतर ती सर्व्हरपर्यंत जातच नाही. मला विचारशील तर तिन्ही खाने तसेच पाठव आणि सर्व्हरवर जोड. म्हणजे ब्राउझरमध्ये स्क्रिप्ट (जावास्क्रिप्टचा कोड) चालली नाही तरी फॉर्म अडत नाही.