जपानी शिकवणारा आरपीजी (पात्र होऊन लढाया खेळायचा) गेम खेळून खरंच जपानी येते का? एन५ साठी (जपानी भाषेच्या परीक्षेची पहिली, सगळ्यात सोपी पायरी) क्लास लावू की गेम घेऊ?

तुम्ही लिहिलंय की स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात 'लर्न जॅपनीज टू सर्व्हाइव्ह! हिरागाना बॅटल' दिसला, घ्यावासा वाटतोय, पण क्लासला जाणारे मित्र म्हणतात की गेम खेळून कोणी भाषा शिकत नाही. हे वाक्य मी माझ्या घरात इतक्यांदा ऐकलंय की उत्तर लिहायला बसलेच.

मी चाकणच्या एका पार्टस कंपनीत परचेसला आहे. जपानहून येणाऱ्या पेट्यांवरच्या स्लिपा वाचता याव्यात म्हणून मी एकेचाळिसाव्या वर्षी क्लास लावला, शनिवार-रविवार. बाकी सगळी कॉलेजची पोरं. मॅडमनी हिरागाना या मूळ जपानी लिपीची ४६ अक्षरं दोन तासिकांमध्ये संपवली, झेरॉक्स दिली, पाठ करून या म्हणाल्या आणि तिसऱ्या तासिकेला फळ्यासमोर उभं करून वाचायला लावलं. मला नु आणि मे मधला फरक दिसेना. फरक एवढाच की नु च्या शेवटी छोटी गाठ असते. रु आणि रो चं पण तेच, गाठ असली की रु, नसली की रो. मी तीनदा चुकले, मागून कोणीतरी हसलं, आणि पुढच्या शनिवारी मी गेलेच नाही, भरलेली फी गेली ती गेली.

त्या दिवाळीत सासरी फराळाला बसलो असताना विषय निघाला. माझी नणंद एन२ म्हणजे एन५ च्या तीन पायऱ्या वरची परीक्षा पास झालेली, हिंजवडीत ट्रान्सलेशन करते, हुशार आहे यात वादच नाही. तोवर माझ्या मुलाने सेलमध्ये हा गेम घेऊन दिला होता आणि मी तो रोज खेळत होते, ते मी सांगितलं. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "वहिनी, अगं गेमने का भाषा येते? तुला टाइमपास करायचाय तर कर, पण त्याला अभ्यास नको म्हणूस." सासूबाई पण हसल्या. मी चकल्या वाढायला उठले.

आता गेममध्ये नेमकं काय होतं ते सांगते. २०१६ चा, आरपीजी मेकर या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर बनवलेला छोट्या टीमचा गेम आहे, किकस्टार्टर या वेबसाइटवर लोकांकडून पैसे जमवून केलेला. अक्षरंच शत्रू म्हणून अंगावर येतात, तुम्ही बरोबर उच्चार निवडलात तर शत्रूला मार बसतो, चुकलात तर नाही. बस एवढंच. पण मी मे ला नु समजून पन्नास वेळा चुकले असेन आणि एकदाही कोणी हसलं नाही, अक्षर परत समोर आलं आणि मी परत बघितलं. तीन आठवडे, जेवणं आवरल्यावर रोज पाऊण तास, आणि एका रात्री लक्षात आलं की मी आता ओळखत नाहीये, वाचतेय. हे त्या झेरॉक्सने माझ्यासाठी केलं नसतं, कधीच नाही. ज्यांना दोन दिवसांत अक्षरं बसतात त्यांनी बाकीच्यांना अभ्यास कशाला म्हणायचं ते शिकवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट मात्र मराठी माणसाने पहिल्या दिवसापासून करावी. गेममध्ये उच्चार रोमनमध्ये आहेत, ते डोक्यातून काढून वहीत देवनागरीत लिहा. ता-ओळीत ता नंतर ति येत नाही, चि येतो, तु च्या जागी त्सु येतो आणि इंग्रजीवाले तिथे अडखळतात. आपल्याला काय अवघड आहे, चि म्हणजे चिंचेतला पहिला च, त्सु म्हणजे चुलीतला च. झु म्हणजे जुना मधला ज. सा-ओळीत सि नाही, शि, जशी म्हैस ची म्हशी होते तसंच. आणि अक्षरांचा क्रम तर आपलाच, आ इ उ ए ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृत वर्णमालेची शिस्त तिकडे गेली त्याची ही खूण, सा आपल्या च-वर्गाच्या जागी बसलाय आणि हा प-वर्गाच्या. हे मला कुठल्याच क्लासमध्ये कोणी सांगितलं नाही.

पुढे याच मालिकेतला 'काताकाना वॉर' पण खेळले, काताकाना म्हणजे परदेशी शब्द लिहायची दुसरी जपानी लिपी, आणि कंपनीतल्या स्लिपांवर बोरुतो म्हणजे बोल्ट, बेआरिंगु म्हणजे बेअरिंग हे वाचता यायला लागलं, साहेबांनी दोनदा बोलावून घेतलं वाचायला. मग डिसेंबरची जेएलपीटी (जपानी भाषेची परीक्षा) एन५ दिली, पुणे सेंटर. १८० पैकी ११२, पास व्हायला ८० लागतात. ऐकण्याच्या भागात मात्र ६० पैकी २६, तिथे कमीत कमी १९ लागतात म्हणजे थोडक्यात वाचले.

हो, हे आधी सांगायला हवं होतं: गेममुळे अक्षरं येतात आणि थोडे शब्द, व्याकरण नाही, ऐकण्याची तयारी तर जवळजवळ नाहीच. व्याकरण मी पुस्तकातून केलं, आणि "पुने नि इकिमासु" म्हणजे "पुण्याला जाते", नि च्या जागी ला, क्रियापद शेवटी, म्हणून मराठीवाल्याला ते जड जात नाही. ऐकण्यासाठी मात्र माणूस किंवा रेकॉर्डिंग लागतंच, तिथे नणंदेचं बरोबर होतं, ते मी तिला फोन करून सांगितलं पण. तिने अजून अभ्यास हा शब्द मान्य केलेला नाही.

तेव्हा आधी गेम घ्या, दोन्ही लिप्या पक्क्या करा आणि मगच क्लासची फी भरा. तोवर मित्रांशी वाद घालत बसू नका, परीक्षा झाली की मार्कलिस्टच दाखवा.