डर्थ : दुष्काळ, वानवा की महागाई?

खानापूरच्या एका ताईंची विचारणा आहे. मुलीच्या इंग्रजीच्या धड्यात 'अ डर्थ ऑफ टीचर्स' असं आलंय, शब्दकोशात डर्थ म्हणजे दुष्काळ दिलाय. मग 'शिक्षकांचा दुष्काळ' असं लिहिलं तर चालेल का?

ताई, चालेल. पण मी 'शिक्षकांची वानवा' लिहीन. मराठीत माणसांची, गुणांची, चांगल्या गोष्टींची वानवा असते; धान्याचा तुटवडा, पैशाची चणचण आणि पाण्याची टंचाई असते. डर्थ मात्र यातल्या बऱ्याच जागी बसतो, म्हणून त्याला एकच मराठी शब्द कायमचा जोडून ठेवता येत नाही.

शब्दकोशानं दुष्काळ दिला तेही उगाच नाही. डर्थ हा 'डिअर'पासून झालेला शब्द. डिअर म्हणजे लाडका, तसंच महागसुद्धा. वॉर्मचं वॉर्म्थ होतं तसं डिअरचं डर्थ झालं. (उच्चार 'डिअर्थ' नव्हे, डर्थच.) शब्दशः अर्थ महागपणा. पीक बुडालं की धान्याचा भाव चढतो आणि भाव चढला की गरिबाच्या चुलीपर्यंत दाणा पोचत नाही. त्यामुळे महागाईचा शब्द दुष्काळाला लागला. 1611 च्या इंग्रजी बायबलात योसेफाच्या गोष्टीतल्या दुष्काळाच्या सात वर्षांना हाच शब्द वापरला आहे. हळूहळू धान्य मागं पडलं आणि तो कशाच्याही उणिवेला चालू लागला.

मला यात सगळ्यात आवडतं ते हे, की मराठीही याच वाटेनं गेलीय. 'बाप गेला आणि पोरं दोन घासांना महाग झाली' असं आपण म्हणतो. इथं महाग घास नाहीत, पोरं आहेत! किमतीचा शब्द सरळ माणसाच्या वंचनेला जाऊन चिकटलाय. डर्थ समजून घ्यायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आणि सीमाभागातल्या पगारदाराला तर हा शब्द दर महिन्याला भेटतो. डिअरनेस अलाउन्स म्हणजे महाराष्ट्रात महागाई भत्ता आणि आपल्या इथं कन्नडमध्ये तुट्टी भत्ये. भाजीवाली 'भाळ तुट्टी ऐत्री' (फार महाग आहे) म्हणते त्यातलाच हा तुट्टी, म्हणजे महाग. डिअरनेस आणि डर्थ ही सख्खी भावंडं. एक भावाशी राहिलं, दुसरं अभावाकडे गेलं.

खऱ्याखुऱ्या दुष्काळाला मात्र आज इंग्रजीत डर्थ म्हणू नये. पाऊस नसेल तर ड्रॉट, उपासमार असेल तर फॅमिन. कन्नडमध्ये दुष्काळाला बर म्हणतात. 1791-92 च्या भीषण दुष्काळाचं इंग्रजी नोंदींतलं 'डोजी बरा' हे नाव त्यावरूनच आलं. सरकारी भाषेत हे शब्द फार जपून वापरले जातात. महाराष्ट्रानं तर 1963 साली कायदा करून आपल्या कायद्यांतून फॅमिन हा शब्दच काढला आणि तिथं स्केअर्सिटी, म्हणजे टंचाई, आणली. शब्द बदलल्यानं भूक बदलत नाही, हे मला इथं ठासून सांगावंसं वाटतं.

उन्हाळ्यात अथणी-चिकोडीकडे कृष्णेचं पात्र आटतं आणि कोयनेचं पाणी सोडा म्हणून कर्नाटक महाराष्ट्राकडे मागणी करतं. त्या बातमीत वॉटर शॉर्टेज किंवा स्केअर्सिटी लिहावं. गरज इतकी, पाणी इतकं, असा हिशेब मांडता येतो तिथं शॉर्टेज शोभतो. आमटीत मीठ कमी पडलं तर यातला एकही नको, त्याला डर्थ म्हटलं तर फारच जड होईल.

मुलीला एवढं सांगा, की डर्थच्या आधी बहुतेक 'अ' येतो आणि नंतर 'ऑफ'. 'डर्थ इन टीचर्स' चुकीचं. नाम मोजता येणारं असेल तर ते अनेकवचनी ठेवायचं, म्हणून 'टीचर्स'. आणि 'देअर इज अ डर्थ ऑफ टीचर्स' यात टीचर्स अनेक असले तरी क्रियापद 'इज'च राहतं, कारण ते डर्थचं आहे.