नऊ फंड घेतलेत, तरी मार्केट पडलं की सगळे एकदम लाल कसे?

पेन्शनच्या पैशांसाठी माझ्याकडे येणारे बहुतेक जण बसायच्या आधीच विचारतात, "मॅडम, कुठला फंड घेऊ?" आणि त्यामागची भीतीही ठरलेली असते, की आत्ता चुकीचा निवडला तर म्हातारपणी कोणाच्या तोंडाकडे बघायचं. अशा वेळी मी एका ताईंची गोष्ट सांगते (ओळख पटेल असे तपशील बदललेत).

ताईंचं वय ४८, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, साठीला थांबायचं पक्कं. पेन्शन खात्यात एक-दोन नाही, नऊ फंड. त्यांचा सगळ्यात मोठा त्रास हा की मी तर विभागून ठेवलंय, मग मार्केट घसरलं की नऊच्या नऊ एकाच दिवशी कसे खाली जातात. रात्री दोन-दोन वाजता उठून ॲप बघायच्या.

मी त्यांना नऊही फंडांच्या फॅक्टशीट प्रिंट करून आणायला सांगितल्या. त्यात फंडाने सगळ्यात जास्त पैसे कुठे लावलेत त्या पहिल्या दहा कंपन्यांची यादी असते, ती फारसं कोणी उघडून बघत नाही. टेबलावर नऊ कागद मांडले, पिवळा हायलायटर त्यांच्याच हातात दिला आणि म्हटलं, जे नाव दुसऱ्यांदा दिसेल त्यावर रेघ मारा. तिसऱ्या कागदापर्यंत त्या बोलत होत्या, सहाव्याला गप्प झाल्या आणि नवव्यावर दहापैकी आठ नावं पिवळी. "म्हणजे मी एकच फंड नऊ वेळा घेतलाय?" जवळजवळ तसंच. कोणाच्या नावात ग्रोथ, कोणाच्या नावात डिजिटल, पण सगळे एकाच माळेचे मणी आणि माळ टेक्नॉलॉजीची. झालं असं होतं की दर वर्षी, गेल्या वर्षी जो सगळ्यात जास्त वाढला तो फंड त्या घेत गेल्या, आणि सलग काही वर्षं एकच क्षेत्र जोरात होतं, त्यामुळे दर वेळी तेच पदरात पडत गेलं.

मला खरी काळजी वेगळीच वाटली. पगार सॉफ्टवेअरमधून, पेन्शन टेक्नॉलॉजीत आणि वर स्वतःच्या कंपनीचे शेअर्सही होते. २००१ मध्ये अमेरिकेत एन्रॉन ही मोठी ऊर्जा कंपनी बुडाली तेव्हा तिथल्या कितीतरी कर्मचाऱ्यांची निवृत्तीची पुंजी त्याच कंपनीच्या शेअर्समध्ये होती, नोकरी आणि पुंजी दोन्ही एकदमच गेलं. आणि क्षेत्राचं म्हणाल तर नॅसडॅक, म्हणजे टेक्नॉलॉजी कंपन्यांचा भरणा असलेला अमेरिकी शेअर निर्देशांक, मार्च २००० च्या शिखरावरून ऑक्टोबर २००२ पर्यंत सुमारे ७८ टक्के पडला, म्हणजे १०० चे २२ झाले, ते शिखर परत दिसायला २०१५ उजाडलं. पन्नाशीच्या आसपासच्या माणसाकडे पंधरा वर्षं वाट बघायला असतात का? एकाच देशावर भिस्त ठेवली तरी तेच, जपानचा शेअर निर्देशांक निक्केई १९८९ च्या अखेरीस ज्या उंचीवर होता ती त्याने परत गाठली थेट २०२४ मध्ये.

अमेरिकी अर्थतज्ज्ञ हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये हेच गणितात मांडलं होतं, की फंड एकटा किती वरखाली होतो यापेक्षा तो बाकीच्यांच्या बरोबर हलतो की वेगळा हलतो हे जास्त महत्त्वाचं. फंड किती हा प्रश्न त्यानंतरचा.

मग आम्ही फंड बाजूला ठेवले आणि आधी पैसे कधी लागणार ते लिहून काढलं. ताई धरून चालल्या होत्या की बारा वर्षांनी सगळं संपलं. पण साठीला पैसे एकदम थोडेच काढायचेत, ते पुढे पंचवीस-तीस वर्षं पुरवायचेत. म्हणजे काही पैसा अजून खूप लांबचा आहे, त्याने शेअर बाजारात राहून महागाईच्या पुढे पळायला हवं, आणि साठीनंतरच्या पहिल्या काही वर्षांचा पैसा मात्र साठी जवळ येईल तसा शांत जागी सरकवायला हवा, कारण नेमकं निवृत्त होताना मार्केट पडलं आणि त्याच वेळी खर्चाला फंडातले हिस्से (युनिट) विकावे लागले तर तो खड्डा नंतर भरून निघणं फार अवघड. "१०० वजा वय इतकं शेअर्समध्ये" हा हिशोब सुरुवातीला विचार करायला ठीक आहे, पण ज्याला दुसरीकडून बांधलेली पेन्शन येणार आहे आणि ज्याला काहीच येणार नाही, त्या दोघांना एकच आकडा कसा चालेल?

शेवटी नऊचे तीन झाले. ६० टक्के जगभरातल्या कंपन्यांचा इंडेक्स फंड (निवड न करता निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्या घेणारा), ३० टक्के रोख्यांचा फंड (सरकारला, कंपन्यांना व्याजाने दिलेलं कर्ज), १० टक्के अगदी कमी मुदतीच्या रोख्यांचा. इंडेक्स फंडाची फॅक्टशीट बघून त्यांनी लगेच हायलायटर उचलला, "अहो, यातही तीच नावं आहेत वरती!" बरोबर पकडलं. पण मी त्यांना नावाशेजारचा टक्का बघायला लावला. जुन्या फंडांत पहिल्या दहा कंपन्यांतच निम्म्याहून जास्त पैसा होता, इथे तो वाटा बराच कमी आणि मागे इतर क्षेत्रांतल्या, इतर देशांतल्या हजारो कंपन्या. रोख्यांचंही सांगून ठेवलं की हे कधीच पडत नाहीत असं समजू नका, २०२२ मध्ये व्याजदर भराभर वाढले तेव्हा शेअर्स आणि रोखे दोन्ही पडले आणि लांब मुदतीचे रोखे जास्तच पडले, म्हणून आपण कमी आणि मध्यम मुदतीचे घेतले.

फंड सांभाळायला दर वर्षी कापून घेतात त्या खर्चाचा मुद्दा त्यांना किरकोळ वाटत होता, एका टक्क्याने काय होतंय म्हणून. कॅल्क्युलेटर पुढे केला. ३० वर्षं, ७ टक्क्यांनी १०० चे ७६१ होतात, ६ टक्क्यांनी ५७४. त्यांनी दोनदा करून बघितलं. खर्च दर वर्षी नक्की जातो, परतावा मात्र मिळेलच असं नाही, म्हणून मी या बाबतीत हट्टी आहे. (फंड बदलताना तुमच्या योजनेत काही चार्ज किंवा टॅक्स लागतो का ते आधी विचारून घ्या, आम्हीही तसंच केलं आणि मग टप्प्याटप्प्याने हलवलं.)

वर्षातून एकदाच बघायचं असं ठरलं, त्यांच्या वाढदिवसाला. यंदा त्याच दिवशी फोन आला, शेअर्सचा वाटा ठरलेल्या ६० टक्क्यांवरून ६७ वर गेला होता. "इतकं छान चाललंय आणि आत्ता विकायचं?" म्हटलं हो, वरचे सात विकून रोख्यांत टाका. दोन मिनिटं पलीकडून काहीच आवाज नाही. मग म्हणाल्या, "जिवावर आलंय हो, पण करते." आणि फोन चालू असतानाच केलं.