दर्यात गेलेल्या माणसाचं नाव कुठे शोधायचं?

प्रश्न: ताई नमस्कार, मी दापोली तालुक्यातला, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दरवर्षी 26 जुलैला कॉलेजात कारगिलचा कार्यक्रम होतो. युद्ध वाईट असं आपणच म्हणतो, मग सैनिकांचा एवढा मान कशासाठी? आणि दुसरं, माझे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात बोटीवर खलाशी होते, गेले ते आलेच नाहीत. फोटो नाही, तारीख नाही. ते तर सैनिकही नव्हते, त्यांची आठवण कोण ठेवणार?

उत्तर: अरे, तुमच्या घरी पणजोबांचं पान कधी वाढतात? सर्वपित्रीला ना? ज्याची तिथीच माहीत नाही त्याच्यासाठी आपल्या लोकांनी एक अख्खी अमावस्या राखून ठेवलीय, म्हणजे आठवण कोण ठेवणार याचं उत्तर तुझ्या पणजीने केव्हाच देऊन ठेवलंय.

आता पहिला प्रश्न. युद्ध वाईटच, ज्या घरातला माणूस गेला त्या घराला हे कुणी शिकवायला नको. पण लढाई ठरवणारे वेगळे आणि मरायला जाणारे वेगळे, जाणारा आपल्या शेजारच्या वाडीतला असतो, त्याच्या मागे म्हातारी आई, बायको, पोरं असतात आणि त्याच्या जाण्याचा हिशोब आपण सगळ्यांनी मिळून ठेवायचा असतो, तो एकट्या घरावर टाकून चालत नाही. देवळाच्या आवारात वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, पाहिलायस का कधी? खाली लढाई, वर त्या वीराला नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंग आणि चंद्रसूर्य. बोरिवलीजवळ एकसरला तर शिलाहार राजांच्या काळातले वीरगळ आहेत, त्यावर चक्क जहाजांची लढाई कोरलीय! कुठला राजा जिंकला हे आज गावात कुणी सांगणार नाही, पण माणूस गेला तेव्हा कुणीतरी दगड घडवून घेतला, हे मला फार मोठं वाटतं.

माणगावला तहसील कचेरीपाशी यशवंत घाडगेंचा पुतळा आहे, येता-जाता थांबून बघ. पळसगावचा हा मुलगा, मराठा लाइट इन्फंट्रीत नाईक. 10 जुलै 1944 ला इटलीत त्यांच्या तुकडीतले जवळजवळ सगळे मशीनगनच्या माऱ्यात पडले, तर हे एकटेच त्या मशीनगनवर धावून गेले, ग्रेनेड टाकला, उरलेल्यांशी हातघाईवर आले, ठाणं घेतलं आणि तिथेच गोळी लागून गेले. वय 22. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, इंग्रजांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक. इंग्रजांच्या फौजेत होते म्हणून त्यांना विसरायचं का? मला नाही पटत. इटलीत माँटोने गावाने 2023 मध्ये त्यांच्या नावाने सावलीचं घड्याळ उभारलंय, परक्या गावाला जे कळलं ते आपल्याला कळू नये का.

दर्यावर गेलेल्याचं दुःख अजून वेगळं, तिथे दगड लावायलाही जागा नाही. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळ आपली युद्धनौका आयएनएस खुकरी पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली, 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून आलेच नाहीत. आपल्या कोकणातली पोरं पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर जातायत, आपल्याला तरी हे सांगायला नको.

म्हणून कॉलेजातल्या कार्यक्रमाबद्दल एकच सुचवते, भाषणं कमी करा आणि तालुक्यातून गेलेल्यांची नावं गावासकट मोठ्याने वाचा. आणि 7 डिसेंबरला ध्वजदिनाचा डबा फिरतो त्यात शंभर रुपये टाक, ते पैसे वीरपत्नींना आणि माजी सैनिकांच्या घरांना जातात.

आणि पणजोबा. ते सैनिक नव्हते म्हणून मोजलेच नाहीत असं अजिबात नाही रे. मुंबईत मस्जिद बंदरला खलाशांचं जुनं वसतिगृह आहे, इंडियन सेलर्स होम. समुद्राशिवाय दुसरी समाधी नाही अशा पहिल्या महायुद्धातल्या 2000 हून जास्त दर्यावर्दींचं स्मारक तिथे आहे, दुसऱ्या महायुद्धात गेलेल्यांचंही आहे आणि त्यात बहुतेक नावं व्यापारी बोटींवरच्या खलाशांचीच. दोन्ही महायुद्धांत गेलेल्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर नाव टाकून शोधता येतं. फक्त तेव्हाच्या कारकुनाने मराठी नाव इंग्रजीत कसंही लिहिलेलं असू शकतं, तेव्हा चार-पाच स्पेलिंग करून बघ, आडनाव नाही लागलं तर वडिलांच्या नावाने बघ. आणि बसायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बोटीचं नाव आठवतं का ते विचारून घे.