धार्मिक श्रद्धेमुळे राष्ट्रगीत न म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला शाळा काढून टाकू शकते का?

नाही, मूल राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभं राहत असेल तर केवळ ते गात नाही म्हणून त्याला काढता येत नाही. आधार आहे सर्वोच्च न्यायालयाचा 1986 चा 'बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य' हा निकाल. यहोवाचे साक्षीदार या छोट्या ख्रिस्ती पंथातली तीन भावंडं रोज उभी राहायची, पण गायची नाहीत; 1985 मध्ये त्यांना शाळेतून काढलं. केरळ उच्च न्यायालयाने राष्ट्रगीताचा शब्दन्‌शब्द तपासला आणि त्यात कुणाच्या धर्माला बाधेल असं काही नाही, असं सांगून याचिका फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं, प्रश्न तो नाहीच. ती श्रद्धा आपल्याला पटते की नाही हे गौण. ती मनापासूनची आहे का एवढंच पाहायचं. (माझ्या मते निकालाचा खरा गाभा हाच.) शिवाय शाळेत राष्ट्रगीत गायला सांगणारं शिक्षण खात्याचं परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे, त्याच्या जोरावर राज्यघटनेच्या कलम 19 (अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य) आणि 25 (धर्मस्वातंत्र्य) मधले हक्क काढून घेता येत नाहीत. 1971 च्या राष्ट्रप्रतिष्ठा अवमान प्रतिबंध कायद्यातही गुन्हा आहे तो गायनात मुद्दाम अडथळा आणण्याचा, गप्प राहण्याचा नाही.

मात्र ही मुलं उभी राहत होती, हे विसरू नका. मुद्दाम बसून राहणं किंवा इतरांना गाऊ न देणं याला या निकालाचं संरक्षण मिळेल असं गृहीत धरू नये. कलम 25 सुद्धा सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीनच आहे.