चांदीचे जुने नाणे घासण्यापूर्वी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सासऱ्यांच्या पश्चात देवघराखालच्या कपाटात पत्र्याच्या एका डब्यात चांदीची चाळीसेक नाणी सापडली. काही राणीछाप रुपये आहेत, काहींवर फार्सी अक्षरे आहेत, तीन-चार शिक्क्यांवर लक्ष्मी आणि गणपती आहेत. बहुतेक नाणी काळवंडली असून काहींवर हळदकुंकवाचा जाड थर बसला आहे. चिंच आणि राख लावून सगळी लखलखीत करावीत आणि लक्ष्मीपूजनाला मांडावीत, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. मला मात्र धीर होत नाही. घरच्या घरी ही नाणी सुरक्षितपणे कशी स्वच्छ करावीत? (वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : आपल्याला धीर झाला नाही, हे फार बरे झाले. सर्वप्रथम डबा कोरड्या सुती कापडावर रिकामा करून नाणी वेगवेगळी करावीत. लक्ष्मी-गणपतीचे शिक्के ही नाणी नव्हेत. ते सराफाने पूजेसाठी घडवलेले असतात, तेव्हा ते सासूबाईंच्या स्वाधीन करावेत आणि त्यांनी ते हवे तसे घासावेत. त्यांच्या मनासारखे होईल आणि उरलेला डबाही वाचेल.

राणीछाप आणि राजाछाप रुपये यंत्रावर पाडलेले आहेत. १८३५ पासून कंपनी सरकारच्या आणि पुढे राणीच्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम असे आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे; १९४० पासून चांदीचे प्रमाण निम्म्यावर आणण्यात आले. आपल्याला अधिक जपायचे आहे ते फार्सी अक्षरांच्या रुपयांना. त्यांत मोगल टाकसाळींचे रुपये असतील, किंवा पेशवाईच्या काळात पुण्यासारख्या ठिकाणी शाह आलम बादशहाच्या नावानेच पाडले गेलेले अंकुशी, म्हणजे अंकुशाचे चिन्ह असलेले, रुपयेही असू शकतील. या रुपयांचा ठसा प्रत्यक्ष नाण्यापेक्षा मोठा असे, त्यामुळे टाकसाळीचे नाव किंवा जुलूसी वर्ष, म्हणजे बादशहाच्या कारकिर्दीचे कितवे वर्ष ते, पुष्कळदा कडेला अर्धवटच उमटलेले असते, आणि नाणे कोठले व केव्हाचे हे त्या अर्ध्या अक्षरावरून ठरते. राखेने पाच मिनिटे घासले की सर्वांत आधी तेच अक्षर जाते.

आपण ज्याला काळेपणा म्हणतो, तो मुख्यतः चांदीचा हवेतील गंधकयुक्त वायूंशी संयोग होऊन तयार झालेला सिल्व्हर सल्फाइडचा अतिशय पातळ थर असतो. तो नाण्याला पोखरत नाही. उलट खोलगट भागात काळा राहून आणि उंचवट्यावर हाताच्या स्पर्शाने उजळून तो अक्षरे वाचण्याजोगी करतो. मी नवखा असताना एक अंकुशी रुपया पांढऱ्या दंतमंजनाने घासला होता. तासाभरात तो आरशासारखा चमकू लागला, आणि त्यावरचा अंकुश मात्र भिंगाखालीही नीट दिसेनासा झाला. तो रुपया आजही माझ्याकडे आहे. विकावयास काढला तर मोडीच्या भावापेक्षा अधिक कोणी देणार नाही.

चिंच आणि लिंबू यांचा दोष वेगळा आहे. जुन्या चांदीत तांबे मिसळलेले असते आणि आम्ल ते पृष्ठभागातून आधी ओढून घेते. मागे राहतो तो सच्छिद्र, रोगट पांढरट पृष्ठभाग, जो पुढच्या पावसाळ्यात पूर्वीपेक्षा लवकर काळा पडतो. पंचामृतातल्या दह्यालाही हेच लागू आहे. पूजेला जुने नाणे ठेवायचेच असेल, तर ते कोरड्या तांदळावर ठेवावे आणि अभिषेक शिक्क्याला करावा.

आता प्रत्यक्ष कृती सांगतो. प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणाऱ्या लहान काट्यावर नाणे तोलून आकडा लिहून ठेवावा. स्वच्छ केल्यानंतर वजन घटलेले दिसले, तर मळाबरोबर धातू गेला की काय, ही शंका वेळीच घेता येते. त्यानंतर काचेच्या वाटीत नाण्यावर डिस्टिल्ड वॉटर ओतून ते दोन-तीन दिवस तसेच राहू द्यावे आणि पाणी रोज बदलावे; नळाच्या पाण्यात क्लोरीन आणि क्षार असतात, म्हणून ते टाळावे. भांड्यात एका वेळी एकच नाणे ठेवावे, म्हणजे नाणी एकमेकांवर घासणार नाहीत. सैल झालेली माती अगदी मऊ कुंचल्याने, न दाबता, पाण्याखालीच झटकावी. अक्षरांच्या बेचक्यात अडकलेला कण निघत नसेल, तर बांबूच्या काडीचे टोक भिजवून मऊ करून तेवढ्यापुरते वापरावे. सुई, टाचणी किंवा ब्लेड कधीही नाही.

हळदकुंकू, तेल आणि तूप यांसाठी शुद्ध ॲसिटोन उपयोगी पडते. हळदीचा रंग आणि तेलकटपणा दोन्ही त्यात विरघळतात आणि चांदीवर त्याचा परिणाम होत नाही. नेलपॉलिश काढण्याच्या बाटलीत सुगंध आणि तेले मिसळलेली असतात, म्हणून ती वापरू नये. ॲसिटोन चटकन पेट घेते, तेव्हा हे काम देवघरातल्या समईजवळ किंवा स्वयंपाकघरात न करता, खिडकी उघडी असलेल्या खोलीत, झाकणाच्या काचेच्या बरणीत करावे. जुन्या शेंदरात शिशाचे संयुग असू शकते, यासाठी हातमोजे घालावेत. शेवटी नाणे पुन्हा डिस्टिल्ड वॉटरने धुऊन मऊ सुती कापडावर ठेवावे आणि टिपून घ्यावे, पुसू नये. एवढे झाल्यावर जो काळेपणा उरतो, तो नाण्याचाच समजावा आणि तेथे थांबावे.

जाता जाता आणखी एक. आपल्याकडे रुपया फरशीवर टाकून खणखणीत आहे की नाही ते पाहण्याची सवय आहे. राणीछाप रुपया ते सहन करील, परंतु शतकानुशतके जमिनीत पडून राहिलेली चांदी आतून ठिसूळ झालेली असते आणि असे नाणे एका आपटण्यात दुभंगू शकते.

प्रश्न : एका प्रदर्शनात क्षत्रपांचे, म्हणजे पश्चिम भारतातल्या प्राचीन राजांचे, म्हणून चांदीचे एक लहान नाणे घेतले. वजन सुमारे दोन ग्रॅम भरते. एका बाजूला राजाचा चेहरा अंधुक दिसतो, परंतु त्यावर ठिकठिकाणी हिरवे डाग आणि करड्या रंगाचा मेणचट थर आहे. विक्रेत्याने अमोनियात बुडवण्याचा सल्ला दिला. तो मानावा का? (वाचक, नेरूळ)

उत्तर : मानू नये, निदान घरी तरी नाही. हिरवे डाग हे चांदीत मिसळलेल्या तांब्याचे क्षार आहेत. करडा मेणचट थर बहुधा सिल्व्हर क्लोराइडचा असावा. जमिनीतील क्षारांमुळे चांदीच्या पृष्ठभागाचेच रूपांतर होऊन तो तयार होतो. मूळ चेहऱ्याचा बारकावा पुष्कळदा या थरातच शिल्लक असतो, आणि खालचा धातू खडबडीत व निराकार असतो. अमोनिया हा थर विरघळवतो हे खरे, पण त्याबरोबर चेहराही विरघळतो. शिवाय अमोनियाची वाफ डोळ्यांना व फुफ्फुसांना अपायकारक आहे, ती ब्लीचच्या संपर्कात आली तर विषारी वायू निर्माण होतात, आणि चांदी विरघळलेले अमोनियाचे द्रावण साठवून ठेवले तर त्यातून स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो. दोन ग्रॅमच्या नाण्यासाठी एवढा धोका पत्करणे शहाणपणाचे नाही.

या लहान नाण्यांवर मजकूर किती दाटीवाटीने असतो, याची कल्पना असावी. पश्चिमी क्षत्रपांनी दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून राजाच्या डोक्यामागे ब्राह्मी अंकांत वर्ष घालण्यास सुरुवात केली, आणि तो शक म्हणजे आपण आजही पंचांगात पाहतो तोच. हे अंक सुईच्या टोकाएवढे असतात. त्याहून नाजूक उदाहरण १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे सापडलेल्या साठ्याचे आहे. त्यात तेरा हजारांहून अधिक नाणी होती, ती नहपान क्षत्रपाची होती, आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे, म्हणजे तीन कमानींचा टेकडीसारखा चैत्य आणि उज्जयिनी चिन्ह (चार टोकांना वर्तुळे असलेली फुली), पुन्हा ठोकली होती. नव्या ठशाखाली नहपानाच्या चेहऱ्याची एखादी रेघ किंवा ग्रीक अक्षराचा तुकडा दिसतो, आणि सातवाहनांनी क्षत्रपांवर मिळवलेला विजय त्या एका रेघेत हाताला लागतो. उत्साही हाताने अशी नाणी उजळली असती, तर वरचा चैत्य राहिला असता आणि खालचा नहपान नाहीसा झाला असता. आपल्या नाण्यावर असा दुहेरी ठसा आहे की नाही, हे मी छायाचित्र न पाहता सांगू शकत नाही. पण ते ठरण्यापूर्वी त्यावर काहीही ओतणे चुकीचे आहे.

आपण एवढेच करावे : वर सांगितल्याप्रमाणे डिस्टिल्ड वॉटर आणि नंतर ॲसिटोन वापरून धूळ आणि विक्रेत्याने लावलेले तेल किंवा मेण काढावे. बाजारात डाग लपवण्यासाठी मेण लावण्याची चाल आहे. हिरवा डाग कडक आणि घट्ट असेल, तर तो तसाच राहू द्यावा. तो भुरभुरीत असेल आणि पुसल्यावर काही आठवड्यांत पुन्हा उगवत असेल, तर क्षरण चालू आहे असे समजून नाणे कोरड्या डबीत ठेवावे आणि संवर्धकाला दाखवावे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे स्वतःचे कला संवर्धन केंद्र आहे. नेरूळहून तेथपर्यंतचा प्रवास अमोनियाच्या बाटलीपेक्षा निश्चितच स्वस्त पडेल.

प्रश्न : ॲल्युमिनियम फॉइल, खायचा सोडा आणि उकळते पाणी वापरले तर चांदी घासावी लागत नाही, म्हणून ती पद्धत निर्धोक आहे, असे ऐकले. हे खरे का? (वाचक, कोपरखैरणे)

उत्तर : चमचे आणि पैंजण यांच्यासाठी खरे. ॲल्युमिनियम चांदीपासून गंधक ओढून घेते, कुजक्या अंड्यासारखा वास येतो आणि चांदी पांढरी होते. धातू जात नाही, तो जागीच परत येतो. परंतु परत येणारी चांदी सारखी बसत नाही, त्यामुळे नाणे निस्तेज आणि पिठूळ दिसते, आणि जाणकार ते पाहताक्षणी ओळखतो. खोलगट भागातला काळेपणाही सरसकट निघून जातो. आधीच तडा गेलेल्या नाण्याला उकळते पाणीही सोसवत नाही. बाजारातल्या तयार द्रावणात तर आम्ल आणि थायोयुरिया असते. ते नाण्याच्या वाट्याला जाऊच देऊ नये.

प्रश्न : नाणी प्लॅस्टिकच्या कप्प्यांच्या अल्बममध्ये ठेवली होती. पावसाळ्यानंतर काहींवर हिरवट चिकट थर आला. आमची इमारत खाडीकडे तोंड करून आहे. त्याचा संबंध असेल का? (वाचक, ऐरोली)

उत्तर : चिकट थराचा दोष अल्बमकडे आहे. मऊ, वास येणारे कप्पे पीव्हीसीचे असतात; त्यातील मऊपणा आणणारे तेल सुटते, आम्लता वाढते आणि नाण्यातल्या तांब्यावर हिरवा चिकटा धरतो. नाणी शुद्ध ॲसिटोनमध्ये काही तास ठेवून, ते एक-दोनदा बदलून हा थर काढता येतो, आणि हे काम लांबणीवर टाकू नये. तोच अल्बम धुऊन पुन्हा वापरू नये.

खाडीचा संबंध काळवंडण्याशी आहे. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलातून जो उग्र वास येतो, तो मुख्यतः हायड्रोजन सल्फाइडचा, आणि चांदी काळी करणारा वायू तोच. खिडक्या बंद करून खाडी थांबत नाही, म्हणून हवाबंद डबी हाच उपाय. पॉलिएस्टरची, म्हणजे मायलार या नावाने मिळणारी, कडक पारदर्शक पाकिटे किंवा आम्लरहित कागदाची पाकिटे घ्यावीत, ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत आणि आत सिलिका जेलची पुडी टाकावी. रंग बदलणारे दाणे घेतले, तर पुडी केव्हा सुकवायची हे कळते. रबर बँड डब्याच्या जवळही ठेवू नये, कारण रबरात गंधक असते. लोकर आणि नमदा यांनाही हेच कारण लागू आहे.

प्रश्न : गावठाणातल्या जुन्या घराचा पाया खणताना मातीच्या लोटक्यात चांदीची नाणी मिळाली. धुऊन मोजावीत म्हणतो, आणि त्यातली काही अमेरिकेत असलेल्या मुलाला पाठवावीत. काय काळजी घ्यावी? (वाचक, बेलापूर)

उत्तर : धुऊ नयेत, मोजण्यासाठी लोटके रिकामेही करू नये, आणि मुलाला पाठवू तर नयेच. जमिनीत दडवलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास त्याचे स्वरूप, अंदाजे किंमत आणि सापडल्याची जागा व तारीख जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या बाबतीत अर्ज ठाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. शंभर वर्षे पूर्ण झालेले नाणे १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार पुरावशेष ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही, मग ते एकच असो वा पाकिटात घालून भेट म्हणून पाठवलेले असो.

लोटके, आतली माती आणि नाण्यांना चिकटलेल्या कापडाचे तंतू असतील तर तेही, एकत्रच राहू द्यावे. नाणी कोणत्या क्रमाने ठेवली गेली आणि सर्वांत उशिराचे नाणे कोणते, यावरून ठेवा पुरल्याचा काळ काढता येतो. बादलीत धुतलेल्या ढिगातून तो क्रम कोणालाही परत मिळवता येत नाही. लोटक्याला खालून आधार देऊन ते एका खोक्यात, वर्तमानपत्राच्या चुरगळलेल्या कागदांत उभे ठेवावे, आणि खणलेल्या खड्ड्याचे छायाचित्र बाजूला फूटपट्टी ठेवून काढावे. गवंड्याला त्या कोपऱ्यातले काम तूर्त थांबवण्यास सांगावे.